झेरॉक्सवर लेखकाची सही

नमस्कार मंडळी. आज कॉलेजात शिकवणाऱ्या सर-मॅडमसाठी कॉपीराइटवर बोलायचंय, पण आधी किस्सा, तो सांगितल्याशिवाय मला पुढचं सुचतच नाही.

आमचा एक मित्र रत्नागिरीत प्राध्यापक. त्यानं एक अख्खं पुस्तक झेरॉक्सवाल्याकडे दिलं नि वर्गाला सांगितलं, प्रत्येकी एक कॉपी घ्या. पावसाळा, कागद दमट होऊन मशीनमध्ये अडकतो म्हणून झेरॉक्सवाल्यानं कागदाच्या कपाटात बल्ब लावून ठेवलेला, रात्री उशिरापर्यंत काम चाललं, स्पायरल बायंडिंग, वर निळं प्लास्टिक, एकदम झकास. पुढे तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले ते नेमके त्याच पुस्तकाचे लेखक! गाडी लेट, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, आणि बघतात तर बाकाबाकावर आपलंच पुस्तक, निळ्या प्लास्टिकात. मित्राच्या तोंडचं पाणी पळालं. त्यात एक पोरगी उठून म्हणते, सर, सही द्या ना! त्यांनी दिली हो. सहीखाली लिहिलं, ‘मूळ किंमत ३५० रुपये, येणे बाकी’. मग काय, पोरांची रांगच लागली.

तर कायदा. शिकवताना कॉपी करायची मोकळीक १९५७ च्या कायद्यातच आहे, कलम ५२. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सवाल्यावर मोठ्या प्रकाशकांनी २०१२ मध्ये केस घातली, कारण तिथे निरनिराळ्या पुस्तकांतली पानं जोडून कोर्सपॅक विकायचे. २०१६ मध्ये हायकोर्टानं सांगितलं, शिकवायला लागेल तेवढं चालेल. परत सांगतो, लागेल तेवढं. अख्खं पुस्तक का लागलं, हे मग तुम्हालाच पटवून द्यावं लागेल.

आपल्या मालगुंडच्या केशवसुतांच्या कविता बिनधास्त वाटा, ते १९०५ ला गेले आणि हक्क लेखकामागे ६० वर्षंच. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना नि टिपा मात्र दुसऱ्या कुणाच्या असतात, त्या उचलू नका.

पीपीटीचंही तेच. (हल्ली पीपीटी वाचून दाखवली की झालं शिकवून, फळ्यावर खडू घासणारे सर गेलेच!) वर्गात चित्र दाखवणं वेगळं नि तोच तास यूट्यूबवर टाकणं वेगळं. खाली नाव टाकलं म्हणजे परवानगी मिळाली असं नाही, परवानगी मागावीच लागते. आणि स्वतःच्या नोट्स विकायच्या असतील तर आधी नेमणुकीचा कागद काढून वाचा, नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्याचा हक्क संस्थेकडे जाऊ शकतो.