छप्पन्न दिवसांचं गणित

मंडळी, गर्भाशयमुखाचा कॅन्सर उपचारांनंतर परत का उलटतो, हा आजचा विषय. कारणांची यादी सांगणारच आहे, पण आधी कॅलेंडर. गाठ किती मोठी, किती पसरली, हे निदानाच्या दिवशीच ठरलेलं असतं. तारखा मात्र आपण बिघडवतो.

गाठ वाढलेली असेल तर ऑपरेशन नाही, शेक, म्हणजे रेडिएशन. बाहेरचा शेक सोमवार ते शुक्रवार, २५ वेळा, सोबत आठवड्याला एक सिस्प्लॅटिन, हे केमोचं औषध. मग आतला शेक, म्हणजे आत नळ्या घालून गाठीजवळूनच दिलेला, ब्रॅकीथेरपी. सगळं ५६ दिवसांत आटपायचं. आता बोटं मोजा. पहिला सोमवार दिवस १. पंचविसावा शेक दिवस ३३. आतला शेक पुढच्या सोमवारपासून, दर आठवड्याला एक, असे चार धरले तर ३६, ४३, ५० आणि ५७! एकही खाडा नाही, मशीन बंद नाही, तरी गाडी चुकली. (हशा) म्हणून आतला शेक पाचव्या आठवड्यातच सुरू करतात, त्या दिवशी बाहेरचा आणि केमो ठेवत नाहीत. नाहीतर एका आठवड्यात दोन बसवतात.

एवढी घाई कशाला? तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून उरलेल्या पेशी जास्त वेगाने वाढायला लागतात. मुदत ओलांडली की रोज साधारण अर्धा ते एक टक्का यश हातचं जातं. गौरी-गणपतीला पाच दिवस गावी जाऊन या आणि हिशेब तुम्हीच करा! बुडालेला शेक शेवटी जोडला की आकडा २५ भरतो, गेलेले दिवस भरत नाहीत. तो शनिवारी किंवा एकाच दिवशी दोन, मध्ये निदान सहा तास ठेवून, भरून काढतात.

खरी गळती दिवस ३३ नंतर, पेशंट आतल्या शेकाला येतच नाहीत. रक्त जायचं थांबलेलं, गाठ विरघळलेली. घरचे म्हणतात, आता आत नळ्या कशाला? अहो, बाहेरून ४५-५० ग्रे (शेकाचं माप) झाले, गाठीला ८५च्या आसपास लागतात. उरलेले बाहेरून द्यावेत तर मूत्राशय आणि गुदाशय भाजून निघतील.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली. उलटण्याच्या बाकीच्या कारणांची यादी पळवतो. हिमोग्लोबिन १०च्या खाली: ऑक्सिजन कमी पडलेल्या गाठीवर शेक नीट चालत नाही. चालू राहिलेलं धूम्रपान. एचआयव्ही. सुजलेली किडनी. ऑपरेशन झालेल्यांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट जपून ठेवा. लसिकाग्रंथीत, कापलेल्या कडेला किंवा बाजूच्या ऊतीत पेशी सापडल्या, तिघांतलं एक जरी असलं, तरी शेक आणि केमो दोन्ही. गाठ ४ सेंटीमीटरची, खोल रुतलेली, वाहिन्यांत शिरलेली, यांतल्या जोड्या जमल्या तर शेक. आणि दुर्बिणीचं ऑपरेशन: २०१८च्या चाचणीत साडेचार वर्षांनी रोगमुक्त ८६ टक्के, पोट उघडून केलेल्यांत ९६.५.

बहुतेकदा कॅन्सर पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो, म्हणून पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी. मधेच एकच पाय सुजला, कंबरेतून त्याच पायात कळ उतरली, तर ‘शेकाचाच परिणाम’ म्हणून पुढच्या तारखेची वाट बघू नका.