खिळा ठोकायची परवानगी

नमस्कार. आधी घड्याळ कुठे लावलंय ते बघून घेतो. हां, दिसलं. चाळीस मिनिटं दिलीयत म्हणजे पस्तीसला चिठ्ठी येणार, मला माहितीये, मीही अशा चिठ्ठ्या पाठवल्यात. विषय आहे 'स्वर्ग : आपलं सार्वकालिक घर', आणि मुद्दे तीन. घर म्हणजे काय, ते कुठे आहे, आणि तिथे कंटाळा येईल का. तिसरा प्रश्न माझा नाही, संडे स्कूलमधल्या एका पोराचा आहे, आणि तिघांत तोच सगळ्यात चांगला आहे म्हणून शेवटी ठेवलाय.

सुरुवात तक्रारीने करतो. दफनविधीला उभं राहिलं की आपल्यातले उपदेशक (मीही त्यात आलोच) एकदम बिल्डर होतात. सोन्याचा रस्ता, मोत्यांच्या वेशी, तिकडे तुमच्यासाठी बंगला बुक झालाय! अरे, समोर ज्या बाईचा नवरा गेलाय तिला बंगला नकोय, तिला तो माणूस हवाय. आणि प्रभू येशू बंगला म्हणालाच नव्हता हो. योहानाच्या शुभवर्तमानाचा 14 वा अध्याय काढा. 'माझ्या पित्याच्या घरात राहण्याच्या जागा पुष्कळ आहेत.' आपलं मराठी किती साधं आहे बघा, राहण्याच्या जागा. घोळ इंग्रजीतून आला. 1611 च्या इंग्रजी बायबलात तिथे 'मॅन्शन्स' आहे, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ मुक्कामाची जागा एवढाच होता, पुढे शब्द श्रीमंत झाला आणि आपण त्याच्याबरोबर श्रीमंतीची स्वप्नं बघायला लागलो. मूळ ग्रीक शब्द 'मोने', मेनो म्हणजे राहणे, टिकणे, त्यावरून. नव्या करारात तो दोनदाच येतो, दोन्ही वेळा याच अध्यायात. दुसऱ्यांदा कुठे, तर 23 व्या वचनात, जो माझ्यावर प्रीती करतो त्याच्याकडे पिता आणि मी येऊ आणि त्याच्याजवळ वस्ती करू. म्हणजे आपण त्याच्याकडे राहायला जाणार त्याआधी तो आपल्याकडे राहायला येतो. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे, वेळ उरला तर.

आता घर म्हणजे काय. यासाठी मला माझ्या आईचं घड्याळ सांगावं लागेल. ज्यांनी आधी ऐकलंय त्यांनी प्लीज शेजारच्याला शेवट सांगू नका.

वडिलांची नोकरी बदलीची. माझ्या लहानपणी आम्ही नऊ भाड्याची घरं बदलली, आणि नऊच्या नऊ मालकांचा नियम एकच, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. त्यातला एक तर महिन्यातून एकदा भिंत तपासायला यायचा. नुसता बघायचा नाही, हात फिरवून बघायचा, डॉक्टर पाठ तपासतो तसा. आईकडे तिच्या वडिलांनी लग्नात दिलेलं लंबकाचं घड्याळ होतं. आता लंबकाचं घड्याळ सरळ टांगावं लागतं, ते कपाटावर भिंतीला टेकवून ठेवलं की थोडं टिकटिक करतं आणि गप्प बसतं. त्यामुळे माझं अख्खं लहानपण ते घड्याळ कपाटावर सव्वाचार वाजवून बसलेलं. आई दर आठवड्याला काच पुसायची. मी एकदा विचारलं की बंद घड्याळ कशाला पुसतेस, तर म्हणाली, "आपलं घर झालं की चालणारच आहे ना." ती हे अगदी सहज म्हणाली, पुसता पुसता, आणि मी तेव्हा खेळायला पळालो. आशा या विषयावर मी पुढे पुष्कळ वाचलं, पण वाक्य हेच लक्षात राहिलं.

शेवटी घर झालं. पहिल्या दिवशी वडिलांनी हातोडी घेतली, भलामोठा खिळा, पहिल्या घावाला प्लास्टरचा हा एवढा पोपडा खाली, आणि आम्ही सगळे हसतोय, कारण ओरडायला कोणी मालकच नाही! घड्याळ टांगलं. चाललं. आणि रात्री दोन वाजता आई उठून म्हणाली, "अहो, बंद करा ते, झोप लागत नाहीये." (हशा) इतकी वर्षं त्याची वाट बघितली, आणि सवय मात्र बंद घड्याळाची झालेली. आठवडाभर गेला तिला. मला वाटतं आपलंही थोडं तसंच आहे, घराची वाट बघतोय आणि सवय भाड्याच्या घराची लागलीये.

खिळा म्हटल्यावर तुमच्यातले निम्मे लोक आत्ता क्रूसाजवळ पोचलेत, मला चेहऱ्यांवर दिसतंय. थांबा, मला आधी एज्राकडे जायचंय. एज्रा, अध्याय 9, वचन 8. बाबेलच्या बंदिवासातून परत आलेले यहूदी लोक, हातात फारसं काही नाही, आणि एज्रा प्रार्थनेत देवाचे आभार कशाबद्दल मानतो? की तू आम्हाला तुझ्या पवित्र स्थानी एक खुंटी दिलीस. हिब्रू शब्द 'यातेद', भिंतीतली खुंटी तोच आणि तंबूची मेखही तोच. मी हे वाचलं तेव्हा आईला फोन करावासा वाटला, पण ती तोवर गेली होती.

आणि अब्राहाम. सगळा देश वचनात मिळालेला, राहिला तंबूत. विकत घेतलेली जमीन म्हणजे एक शेत आणि त्यातली गुहा, 400 शेकेल चांदी मोजून, तीही बायकोला, सारेला पुरायला. इब्री लोकांस पत्रात म्हटलंय की तो पाया असलेल्या नगराची वाट बघत होता. तंबूला पाया नसतो, मेखा असतात, म्हणजे आज इथे, उद्या... हो, आली चिठ्ठी. पाच मिनिटं. बरं.

तर मुद्दा दोन, घर कुठे आहे. आपण बोट वर करतो. पण बायबलचं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, त्याच्या 21 व्या अध्यायात देवाचं नगर स्वर्गातून खाली येतंय! नवी पृथ्वी आहे, आणि देवाचा मंडप माणसांजवळ येतो. प्रेषित पौल फिलिप्पैकरांना पत्रात म्हणतो आपलं नागरिकत्व स्वर्गात आहे, तर पुढचं वाक्यही वाचा, तारणारा तिथून येणार आणि आपलं शरीर बदलणार. शरीर टाकून देणार असं नाही म्हणत. मेल्यावर विश्वासणारा ख्रिस्ताजवळ असतो हे आहेच, ते मी नाकारत नाहीये, कोणी पत्र लिहू नका, पण गोष्ट तिथे संपत नाही, पुनरुत्थान बाकी असतं. आणि त्या नगराचं मोजमाप बघा, लांबी, रुंदी, उंची सारखीच, 12,000 स्टेडिया, म्हणजे साधारण 2,200 किलोमीटर. नगर कुठे असं असतं का? पण शलमोनाच्या मंदिरातलं परमपवित्र स्थान तसंच होतं, वीस हात तिन्ही बाजूंनी. जिथे प्रमुख याजक वर्षातून एकदा जायचा, तेवढी खोली आता सगळं गाव झालंय, आणि वेशी बंदच होत नाहीत. मगाशी 'वस्ती करू' म्हणालो ना, ते इथे येऊन पूर्ण होतं. हे खरं तर अर्धा तास बोलायचं होतं.

तिसरा, कंटाळा. पटकन. तिथे सेवा आहे, राजे आपलं वैभव आत आणतात, म्हणजे काम आहे, ढगावर वीणा धरून बसणं हे चित्रकारांचं. त्या पोराला मी एवढं काही सांगितलं नव्हतं, उलट विचारलं, तुला घरी कंटाळा येत नाही का? म्हणाला, "येतो की. पण घरी कंटाळा आला म्हणून कोणी जा म्हणत नाही."

मी त्याला पुढे काही शिकवलं नाही. क्रूसाचं राहिलंच, बघा. प्रश्न असतील तर बाहेर विचारा, इथे माईक परत मागतायत.