परका ग्रह पायाखालचा होतो तेव्हा

नमस्कार. धावता येते, उडी मारता येते आणि एका परक्या ग्रहावर आपण एकटे आहोत, एवढ्या भांडवलावर उभे राहिलेले व्हिडिओ गेम आज चर्चेला घेतले आहेत. विज्ञानकथेच्या अंगाने जाणारे हे प्लॅटफॉर्म (म्हणजे एका पायरीवरून दुसरीवर उड्या मारत पुढे जायचे) साहसी गेम १९८०च्या दशकापासून निघत आले आहेत. त्यांतले काही तासाभरात कंटाळा आणतात, तर काही तीस वर्षांनंतरही पुन्हा पहिल्यापासून खेळावेसे वाटतात. हा फरक कुठून येतो, हे मी मुख्यतः एकाच गेमच्या आधारे सांगणार आहे. तो गेम म्हणजे निन्टेन्डोचा १९९४ सालचा ‘सुपर मेट्रॉइड’. योशिओ साकामोतो यांच्या दिग्दर्शनाखाली तयार झालेला हा गेम या प्रकारातला सर्वांत भरीव गेम आहे, असे माझे ठाम मत आहे.

आधी एक जुनी सवय आठवा. टीव्हीला जोडायच्या गेममध्ये कॅसेट घालून ज्यांनी मारिओ किंवा कॉन्ट्रा खेळला आहे, त्यांच्या अंगठ्याला एकच दिशा ठाऊक असते, ती म्हणजे उजवीकडे. १९८६ साली आलेल्या पहिल्या ‘मेट्रॉइड’ने ही सवय सुरुवातीलाच मोडली. तिथे उजवीकडे गेलात तर थोड्याच वेळात वाट इतकी बुटकी होते, की उभ्याने पुढे जाता येत नाही. त्यासाठी लागणारी, अंगाचा गोळा करून घरंगळत जाण्याची शक्ती सुरुवातीच्या जागेपासून डावीकडे ठेवलेली असते. मागे वळून पाहायचे असते, हे खेळाडूला एका अक्षराविना कळते आणि ‘वाट कुठे आहे’ हा प्रश्न त्या क्षणापासून त्याचा स्वतःचा होतो.

‘सुपर मेट्रॉइड’ने हीच गोष्ट कितीतरी अधिक संयमाने केली. गेमची नायिका सॅमस आरन झेबेस ग्रहावर उतरते तेव्हा पाऊस पडत असतो, विजा चमकत असतात आणि हल्ला करायला समोर कोणीही नसते. आपण एकेक दार उघडत खाली जातो आणि पहिल्या गेममधल्या शेवटच्या लढाईचे ठिकाण आता ओसाड पडलेले दिसते. तरीही कोणी येत नाही. ॲक्शन गेममध्ये शत्रूच नसणे म्हणजे काय, हे बनवणाऱ्यांना नेमके माहीत होते. खेळाडू बंदूक रोखून चालत राहतो आणि ती रिकामी शांतता त्याच्या अंगावर येते. खाली गोळा होण्याची शक्ती आणि क्षेपणास्त्रे हाती लागली, की भिंतीतले यांत्रिक डोळे जागे होऊन आपल्यावर प्रकाशाचा झोत टाकतात. त्याच वाटेने परत वर यावे, तर मघाशी निर्मनुष्य असलेल्या खोल्यांत शत्रू वाट पाहत असतात. खोल्या त्याच असतात, पण आता ग्रहाला आपली चाहूल लागलेली असते.

माझ्या दृष्टीने या गेमचा खरा आनंद इथेच आहे. नवीन लेव्हल, नवीन देखावा, नवीन बॉस (म्हणजे वाट अडवणारा बलाढ्य शत्रू) हे सगळे हवेच, पण त्याहून मोठे समाधान जुन्या जागी परत येण्यात आहे. ब्रिनस्टार या ग्रहावरच्या भागातून जाताना पाण्याखालचा एक काचेचा बोगदा लागतो. पहिल्यांदा आपण त्यातून नुसते चालत जातो आणि बाहेरचे पाणी पाहतो. बऱ्याच वेळाने पॉवर बॉम्ब मिळतो, तेव्हा त्याच बोगद्यात तो फोडून पाहण्याची बुद्धी झाली, तर काच तडकते, फुटते आणि मॅरिडिया नावाचा एक आख्खा प्रदेश खुला होतो. हे करा, असे कोणी सांगितलेले नसते, त्यामुळे तो शोध आपलाच वाटतो.

विज्ञानकथेचा उपयोगही इथेच दिसतो. अवकाशयान आणि लेझर बंदूक चितारली म्हणजे गेम विज्ञानकथेचा झाला, असे मी मानत नाही. ग्रहाच्या भौतिक परिस्थितीतून खेळाचे नियम निघाले पाहिजेत. नॉरफेअरच्या तप्त भागांत पाऊल टाकले, की सॅमसची ऊर्जा आपोआप घटू लागते आणि व्हेरिया सूट मिळाल्यावर तीच उष्णता निष्प्रभ होते. पाण्यात तिची उडी जड आणि आखूड होते, इतकी की आपल्याच अंगठ्यावर ओझे आल्यासारखे वाटते. पुढे ग्रॅव्हिटी सूट चढवून त्याच पाण्यात शिरले, की जमिनीवर चालावे तसे सहज चालता येते. अडथळा आणि त्याची उकल या दोन्ही गोष्टी त्या जगाच्याच असल्यामुळे ‘इथे जाता येणार नाही’ हे वाक्य लिहिण्याची गरज पडत नाही.

अर्थात उडीच चांगली नसेल तर हे सगळे व्यर्थ आहे. प्लॅटफॉर्म गेममध्ये खेळाडू शेकडो वेळा उडी मारतो, म्हणून ती क्रिया स्वतःच सुखाची असावी लागते. सॅमसची उडी तरंगती आहे. बटण किती वेळ दाबून ठेवले त्यावर तिची उंची ठरते, हवेत असतानाही दिशा बदलता येते आणि धावता धावता उडी घेतली तर ती कोलांटी घेते. भिंतीला टेकताच उलट दिशा दाबून लगेच उडीचे बटण दाबले, तर भिंतीवरूनही उसळी घेता येते. ही कसरत शिकवण्याची पद्धत मला आजही थक्क करते. एका खोल विवराच्या तळाशी तीन लहान हिरवे प्राणी असतात. ते एकामागून एक, दोन्ही भिंतींवर पाय मारत वर चढून दाखवतात. आपण त्यांच्याकडे पाहतो, प्रयत्न करतो, पडतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. जमल्यावर लक्षात येते, की ही युक्ती सॅमसला सुरुवातीपासूनच येत होती. आपल्यालाच ती ठाऊक नव्हती. दुसऱ्या एका ठिकाणी शहामृगासारखा एक पक्षी असाच वेगाने धावून, क्षणभर दबून थेट वर झेपावतो आणि आपल्याला आणखी एक धडा मिळतो.

याच्या शेजारी १९९१चा फ्रेंच गेम ‘अनदर वर्ल्ड’ ठेवून पाहण्यासारखा आहे. एरिक शाही यांनी तो जवळजवळ एकट्याने तयार केला. प्रयोगशाळेवर वीज कोसळते आणि लेस्टर हा शास्त्रज्ञ परक्या जगातल्या एका तळ्यात जाऊन पडतो. पाण्यात रेंगाळलो, तर खेळ सुरू होताच संपतो. पडद्यावर गुण नाहीत, ऊर्जेची पट्टी नाही आणि पिंजऱ्यात सोबत सापडलेला परग्रहवासी जे बोलतो त्यातले एक अक्षरही कळत नाही. तरीही त्याच्याशी जुळणारी मैत्री खरी वाटते. परकेपणाची इतकी तीव्र जाणीव मला क्वचितच दुसऱ्या गेमने दिली आहे. मात्र त्यातले काही मृत्यू आधी ओळखताच येत नाहीत. मरायचे, लक्षात ठेवायचे आणि पुन्हा तिथपर्यंत यायचे, हे वारंवार घडल्यावर शोधाची जागा पाठांतर घेते. ‘सुपर मेट्रॉइड’ चूक करायला वाव देतो, म्हणून त्याचा ग्रह आपल्या पायाखालचा होतो.

आणि पायाखालचा झालेला तो ग्रह शेवटी स्फोटात नष्ट होणार असतो. घड्याळ उलटे चालू असते आणि यानाकडे धावताना आपल्याला फक्त बाहेरची वाट दिसत असते. त्या धावपळीत एका बाजूच्या खोलीत वळलात, तर भिंतीवर उसळी घ्यायला शिकवणारे ते तिघे आणि तो पक्षी तिथे अडकलेले सापडतात. भिंत फोडून त्यांना वाट करून दिली, तर त्याबद्दल कोणतेही बक्षीस मिळत नाही. झेबेसचा स्फोट होतो त्या दृश्यात मात्र एक बारीक प्रकाशाचा ठिपका ग्रहापासून दूर जाताना दिसतो, आणि तो कोणाचा आहे हे त्यांना सोडवणाऱ्यालाच माहीत असते.