कोऱ्या अहवालाचं काय करायचं?

मुख्याध्यापक मित्रहो, सुरुवात एका नियमापासून करतो. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) नियमावली, 1981, म्हणजे आपली एमईपीएस. तिचा पंधरावा नियम गोपनीय अहवालांचा. त्यातला एक पोटनियम असं सांगतो की, अहवाल लिहिला नाही किंवा प्रतिकूल शेरे मुदतीत लेखी कळवले नाहीत, तर त्या कर्मचाऱ्याचं त्या वर्षीचं काम समाधानकारक होतं, असं धरलं जाईल. थोडक्यात, मुख्याध्यापक गप्प बसला तर कायदा त्याच्या वतीने 'छान' म्हणून मोकळा होतो.

हा नियम आपल्यातल्या बहुतेकांना माहीत आहे, आणि आपण त्याचा आधारही घेत आलो आहोत. मार्च संपता संपता क्लार्क गठ्ठा आणून ठेवतो आणि एका दुपारी तीस अहवालांवर सह्या होतात. सगळेच 'अत्युत्कृष्ट' किंवा 'अ'. वाईटपणा कोण घेणार? ज्येष्ठतेने मुख्याध्यापक झालेला माणूस कालपर्यंत त्याच स्टाफरूममध्ये डबा खात होता. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, पेन्शनची फाईल डोळ्यासमोर. अशा माणसाने पंचवीस वर्षांच्या सोबत्याला 'तुमचा वर्ग जमत नाहीये' असं म्हणायचं? मी त्याला दोष देत नाही. पण ही सोय आता फार दिवस चालायची नाही.

न्यायालयाचा वारा कुठून वाहतो ते पाहा. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने देवदत्त प्रकरणात निकाल दिला. सीमा सडक संघटनेतला अभियंता. एका वर्षी त्याला 'चांगला' असा शेरा मिळाला आणि बढतीला 'अतिशय चांगला' लागत होता. शेरा प्रतिकूल नाही म्हणून कळवला नव्हता. न्यायालय म्हणालं, प्रतिकूलच नव्हे, प्रत्येक नोंद कळवली पाहिजे, म्हणजे त्याला दाद मागता येईल. निकाल सरकारी सेवेतला आहे, पण आपण समजायचं ते समजावं. उद्या तुमचा प्रत्येक शेरा समोरचा वाचणार आहे, आणि 'हे कशावरून?' असं विचारणार आहे. शिक्षण सेवकाच्या, म्हणजे सुरुवातीला मानधनावर नेमलेल्या शिक्षकाच्या बाबतीत तर आजही हेच आहे. संस्थेने सेवा संपवली आणि प्रकरण शाळा न्यायाधिकरणात गेलं, की विचारणा होते ती मुख्याध्यापकाने त्या काळात कामाचं काय मूल्यमापन केलं, कागद कुठे आहे, याची. त्या वेळी वर्गनिरीक्षणाचं लॉगबुक उघडावं तर त्यात 'फळालेखन सुवाच्य, विद्यार्थ्यांचा प्रतिसाद उत्तम' एवढंच!

शिक्षकांचं झालं. शाळेच्या मूल्यमापनाचं काय? 2015 मध्ये शाळासिद्धी ही शाळांच्या मूल्यमापनाची पद्धत आली. सात क्षेत्रं, शेहेचाळीस मानकं, आणि शाळेने स्वतःच स्वतःला गुण द्यायचे. कल्पना चांगली होती, आजही मला ती आवडते. स्वतःकडे बघून 'इथे आपण कमी पडतो' असं लिहिण्याची मुभा होती. मग 2017 मध्ये शासन निर्णय निघाला की वरिष्ठ वेतनश्रेणी आणि निवडश्रेणी हवी असेल, तर शाळा शाळासिद्धीत 'अ' श्रेणीत हवी. आता बारा वर्षं नोकरी झालेल्या शिक्षकाची वेतनश्रेणी मुख्याध्यापकाने शाळेला दिलेल्या गुणांवर अडकलेली असताना कोणता मुख्याध्यापक स्वतःच्या शाळेला 'ब' देईल? प्रामाणिकपणे 'ब' लिहिणाऱ्याला स्टाफरूममध्ये तोंड दाखवायला जागा राहिली नसती. पुढे विरोध झाला, अट गेली. पण त्या काळात भरलेल्या आकड्यांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत अटलांटा शहरात परीक्षेतल्या गुणांवरून शाळांचं आणि माणसांचं भवितव्य ठरू लागलं. 2011 मध्ये चौकशीचा अहवाल आला. 44 शाळांत उत्तरपत्रिकांत फेरफार झाले होते आणि 178 जण गुंतलेले आढळले. त्यात 38 मुख्याध्यापक होते. शिक्षक मुलांची चुकलेली उत्तरं खोडून बरोबर करत होते. काहींना पुढे शिक्षाही झाल्या. त्यातले सगळे जन्मजात लबाड होते असं मला वाटत नाही. वरून आकडा मागितला गेला, वर्गात काय चाललंय हे कुणी विचारलं नाही, आणि खालच्यांनी आकडा दिला.

आता आपल्यापुढे काय आहे? राज्यात 2024 पासून स्क्वाफ, म्हणजे शाळांची गुणवत्ता तपासण्याचा नवा आराखडा सुरू झाला. 128 मानकं, प्रत्येकाला पुरावा, पुराव्याची लिंक. गेल्या वर्षी मी एका शाळेत गेलो तेव्हा तीन शिक्षक संगणकाभोवती उभे राहून 'परसबागेचा फोटो कुणाकडे आहे' ते शोधत होते, आणि पलीकडचा सहावीचा वर्ग आपला आपण गोंगाट करत होता. (परसबाग होती, हे मात्र सांगितलं पाहिजे.) शिवाय परख या केंद्रीय मूल्यमापन संस्थेचं, मुलांना काय येतं हे तपासणारं राष्ट्रीय सर्वेक्षण आहे. डिसेंबर 2024 मध्ये तिसरी, सहावी, नववीचं झालं. नवीन शैक्षणिक धोरणाने शिक्षकांसाठी व्यावसायिक मानकं सांगितली आहेत आणि शिक्षकांबरोबर मुख्याध्यापकांनाही वर्षाला पन्नास तासांचं प्रशिक्षण सांगितलं आहे. त्यावर टीईटीबद्दलचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेबद्दलचा, सर्वोच्च न्यायालयाचा 1 सप्टेंबर 2025 चा निवाडा. पहिली ते आठवीच्या ज्या शिक्षकांची पाच वर्षांहून कमी सेवा उरली आहे, त्यांची नोकरी राहते, पण टीईटीशिवाय बढती नाही. उद्याचा मुख्याध्यापक कोण, हे गणित कित्येक शाळांत त्यामुळे बदलणार आहे.

या सगळ्याची तयारी म्हणून प्रशिक्षणात आपल्याला काय शिकवतात? पोर्टलवर लॉगिन कसं करायचं, पीडीएफ किती केबीची हवी. ते क्लार्कला शिकवा. मुख्याध्यापकाला शिकायचंय ते वर्गात बसायला.

हसू नका. मागच्या बाकावर पस्तीस मिनिटं गप्प बसून जे दिसलं तेवढंच लिहिणं फार अवघड असतं. आपला हात लगेच शेरा मारायला जातो. एक नमुना सांगतो. समजा सातवीचा वर्ग, अपूर्णांकांची वजाबाकी. 'अध्यापन प्रभावी' असं लिहायचं नाही. असं लिहायचं: 'बाईंनी चौदा प्रश्न विचारले, त्यातले अकरा पहिल्या दोन बाकांना. खिडकीजवळच्या मुलाने तीन वजा दोनतृतीयांश याचं उत्तर एकतृतीयांश लिहिलं. शेजाऱ्याने त्याच्याकडे बघून आपलं बरोबर उत्तर खोडलं. तास संपला तेव्हा दोघांच्याही वह्यांत तेच चुकीचं उत्तर होतं.' यात बाईंबद्दल एकही विशेषण नाही. पण हे वाचून बाईंना उद्याच्या तासाला काय करायचं ते कळतं, आणि न्यायाधिकरणातही हा कागद उभा राहतो.

मग बोलायचं. केबिनमध्ये बोलावून नाही, जमलं तर त्याच वर्गात, मुलं गेल्यावर, त्याच दिवशी. 'बाई, खिडकीजवळचा तो मुलगा नेमका कुठे अडकला असेल?' एवढ्याने सुरुवात पुरते. बहुतेक वेळा बाई स्वतःच सांगतात. एखादे सर चिडतात: 'साहेब, तुम्ही आठवडाभर ऑफिसात असता, एक दिवस येऊन चुका काढता.' तर त्यात तथ्य आहे हे मान्य करा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जाऊन बसा. पुन्हा गेलेला मुख्याध्यापक आणि एकदाच गेलेला मुख्याध्यापक यांत शिक्षक फरक करतात.

एक अडचण मी गाळणार नाही. तुमच्यावर जबाबदारी येते आहे, त्या मानाने अधिकार येत नाहीत. नेमणूक संस्थेच्या हातात, पदं संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती पदं द्यायची त्या सरकारी मंजुरीत, अडकलेली, विज्ञानाची जागा तीन वर्षं रिकामी, आणि निकाल मात्र तुमच्या नावावर. शिक्षण हक्क कायद्याचं सत्ताविसावं कलम जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण सोडून अशैक्षणिक कामं नको म्हणतं. प्रत्यक्षात मोबाईलवर रोज काय काय येतं ते तुम्ही जाणता. म्हणून तुमच्या स्वमूल्यमापनात शाळेच्या उणिवा लिहाल तेव्हा त्या उणिवेशेजारी कारणही तारखेसह लिहा: पद कधीपासून रिक्त, मागणीपत्र कधी दिलं, उत्तर कधी आलं, की आलंच नाही. हे रडगाणं नव्हे, नोंद आहे. उद्या जाब मागितला गेला तर तो फक्त तुमच्या टेबलावर थांबणार नाही, वरच्या टेबलालाही उत्तर द्यावं लागेल. वरच्यांना हे आवडणार नाही, हे गृहीत धरा.

आणि संस्थाचालकांचा नातेवाईकच तुमच्या शाळेत शिक्षक असेल तर? हा प्रश्न मधल्या सुट्टीत मला दोघांनी वेगवेगळा, हळू आवाजात विचारला. माझं उत्तर असं: पहिलं निरीक्षण त्याचं करू नका, शेवटचंही करू नका. यादीत त्याचं नाव आद्याक्षराप्रमाणे जिथे येतं तिथेच करा, आणि इतरांच्या कागदावर जेवढ्या ओळी लिहिल्या तेवढ्याच त्याच्याही लिहा. अहवालाची प्रत त्याच्या हातात द्या, पोच घ्या. पुढे अध्यक्षांचा फोन येईल. तेव्हा सांगायचं, 'कागद फाईलला आहे, केव्हाही येऊन बघा.'