पाणी पावात शिरायच्या आधी

(वेंगुर्ल्यात होमस्टे चालवणाऱ्या मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केलीय, बाकी बोली तशीच ठेवलीय.)

नमस्कार. मागच्या मंडळींनी खुर्च्या जरा पुढे ओढा, कारण मी जे दाखवणार आहे ते आहे दोन बोटांएवढं, लांबून काय दिसायचं नाही.

आजचा पदार्थ म्हणजे ब्रुस्केटा. भाजलेला पाव, वर लसूण, तेल, टोमॅटो, मीठ, झालंच तर चार पानं. संपलं. आता तुम्ही म्हणाल एवढ्यासाठी व्याख्यान कशाला, यूट्यूबवर दीड मिनिटात दाखवतात की. दाखवतात, पण तो माणूस कुठल्यातरी कोरड्या हवेच्या गावात एसी किचनमधे उभा असतो हो, आणि आपण इथे, जिथे सकाळी उघडलेला खारीचा पुडा दुपारी चहाला बसेपर्यंत वातड होतो. आपला सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तेव्हापासून पाहुणे वाढतच चाललेत, आणि जेवणात आपला हात कोण धरणार, पण संध्याकाळी समुद्रावरून आलेल्या माणसाला साडेसहा ते साडेआठ या वेळेत काय द्यायचं हा प्रश्न उरतोच. रोज कांदाभजी. म्हणून हा पदार्थ.

मला यात सांगायचंय ते एकच, की हा पदार्थ पाण्याचा आहे. टोमॅटोत शंभरातले चौऱ्याण्णव-पंच्याण्णव भाग पाणी असतं, पावात आपल्याला ते अजिबात नको असतं, आणि दोघांना एकमेकांवर बसवून पाहुण्याच्या तोंडात जाईपर्यंत ते पाणी कुठं अडवायचं, एवढीच सगळी करामत. तेल कुठलं, पान कुठलं, हे सगळं नंतर.

मूळ पाहिलंत तर ही शिळ्या पावाची सोय आहे. इटलीत शेतकरी लोक कालचा पाव निखाऱ्यावर भाजायचे, गरम असताना लसूण घासायचे आणि नवीन गाळलेलं ऑलिव्हचं तेल वर ओतायचे, तेलाची चव बघायची ती रीत. टोमॅटो त्यात खूप उशिरा आला. तो मुळात अमेरिका खंडातला, स्पॅनिश लोकांनी युरोपात नेला, इटलीत त्याची नोंद १५४८ च्या सुमाराला सापडते आणि त्यानंतरही बराच काळ लोक तो खायला बिचकतच होते. आपल्याकडे टोमॅटो आणि पाव दोन्ही पोर्तुगीजांच्या वाटेने आले असं मानतात. ते १५१० मधे गोव्यात बसले, यीस्ट मिळेना म्हणून माडाच्या सुरेवर पीठ फुगवायला लागले, आणि तिथला पोदेर, म्हणजे पाववाला, अजूनही सायकलला भोंगा लावून पाव विकत फिरतो. म्हणजे कोणी म्हणालं ना की हे काय परदेशी खूळ आणलंस, तर सांगा, दोन्ही जिन्नस कधीपासूनच्या आपल्याच स्वयंपाकघरात आहेत, फक्त आपण त्यांना असं एकावर एक बसवलं नव्हतं.

आता पाव. इथे मी वेळ घेणार आहे, कारण ऐंशी टक्के लोक इथेच घसरतात.

आपल्याकडे सकाळी दारावर येतो तो लादीपाव. मऊ, किंचित गोड, बाजूला कवच नाही, कारण एकमेकांना चिकटून भाजलेला असतो. मिसळीला बेस्ट, उसळीला बेस्ट, पण त्याचं कामच आहे रस पिणं आणि आपल्याला नेमकं तेच नकोय. तरी लादीपावावर होतं, होत नाही असं नाही. कालचा घ्यायचा, आजचा नाही. आडवा चिरून दोन भाग करायचे, कापलेली बाजू खाली ठेवून तव्यावर बिनतेलाचा, मंद आचेवर, न दाबता भाजायचा. दाबू नका हो! पावभाजीच्या गाडीवरचा हात आहे तो, कालथ्याने दाबायचा, इथे दाबलात की आतली जाळी बसली आणि वरचा टोमॅटो सरळ लगद्यात जाऊन बसला. नीट भाजलेला पाव नखाने टिचकी मारली की टक् वाजतो, आणि आत थोडा मऊ राहतो. बदामी रंग आला तर पुरत नाही, एक-दोन ठिकाणी काळे डाग पडेपर्यंत थांबायचं, ती किंचित कडू चव टोमॅटोच्या आंबटगोडाला लागते.

जमत असेल तर बेकरीवाल्याला सांगून न कापलेला अख्खा ब्रेड आणा आणि घरी बोटाच्या जाडीचे तुकडे करा, दीड सेंटीमीटर धरा. पिशवीतला कापलेला ब्रेड पातळ असतो, एका बाजूने भाजेपर्यंत दुसरीकडून वाकतो. आणि बांद्यावरून पलीकडे गोव्यात कोणाचं जाणं-येणं असेल तर तिथला उंडो पाव मागवा, गोल, वरून कडक, मला विचाराल तर या कामाला त्याच्यासारखा दुसरा नाही. पोळी म्हणजे ती कोंड्याची पोई चवीला छान पण आत पोकळ, उघडली की दोन पातळ पापुद्रे हातात येतात, तिचं वेगळं काहीतरी करा.

एक लक्षात ठेवा, पाव फ्रिजमधे ठेवू नका. पाव शिळा होतो तो नुसता वाळून नाही, आतला स्टार्च परत घट्ट बसायला लागतो, आणि हे काम फ्रिजच्या गारव्यात सगळ्यात जोरात चालतं. ठेवायचाच तर फ्रीजरमधे, नाहीतर बाहेर कापडात गुंडाळून. पावसाळ्यात बाहेर दुसऱ्या दिवशीच बुरशी धरते त्यामुळे जून ते सप्टेंबर सरळ फ्रीजर.

गॅसपेक्षा निखारे बरे. ज्यांच्याकडे मागीलदारी चूल आहे त्यांनी करट्या, म्हणजे नारळाच्या करवंट्या, पेटवा, ज्वाला बसू द्या, लाल निखारा झाला की वर जाळी ठेवून पाव. करटीचा निखारा धगधगीत असतो, धूर कमी, आणि मिनिटाभरात पाव भाजून होतो, म्हणून तिथून हलायचं नाही, फोन आला तरी नाही. पाहुण्यांसमोर केलंत तर ते फोटो काढत बसतात आणि तेवढ्यात तुमचं ताट लावून होतं.

पाव खाली उतरवला की लगेच, लगेच म्हणजे गरम असतानाच, सोललेली लसणीची पाकळी अर्धी कापून त्या खरखरीत बाजूवर घासायची. इथे जरा जवळून बघा. पाकळी घासली की तिची कड झिजत जाते, पावाचे भाजलेले दाणे तिला खिसणीसारखे खातात, आणि पावावर ओलसर चकाकी येते. एवढंच, लसणीचे तुकडे वर टाकायचे नाहीत. चार तुकड्यांना एक पाकळी खूप झाली. कच्ची लसूण कापली-घासली की तिखट होते आणि जास्त झाली तर पाहुणा रात्री मासे खाताना पण लसूणच खातो.

त्यावर तेलाचा हात. आणि हे तेल शोभेसाठी नाही, ते पाण्याला अडवतं, पावाच्या तोंडावर तेल बसलं की टोमॅटोचा रस आत शिरायला वेळ लागतो. ऑलिव्ह तेल घेणार असाल तर बाटलीवर नीट वाचा, एक्स्ट्रा व्हर्जिन वेगळं आणि पोमेस वेगळं. पोमेस म्हणजे फळ दाबून झाल्यावर उरलेल्या चोथ्यातून काढून रिफाइंड केलेलं, तळायला ठीक, पण कच्चं खायला त्यात चव कसली. महाग वाटत असेल तर घाण्यावरचं शेंगदाण्याचं वापरा, मी वापरते, चव वेगळी येते पण चांगली येते. खोबरेल मात्र नको, तोंडात तेच तेवढं उरतं. इटालियन माणूस नाक मुरडेल, मुरडू दे.

आता टोमॅटो. आपल्याकडे वर्षातले बरेच महिने टोमॅटो घाटावरनं येतो, बेळगाव, कोल्हापूर तिकडून. गाडीत टिकावा म्हणून अर्धा कच्चा तोडलेला, जाड सालीचा. तो आणल्या दिवशी वापरायचा नाही, टोपलीत देठाकडची बाजू खाली करून दोन-तीन दिवस बाहेर ठेवायचा, पूर्ण लाल होऊ द्यायचा. फ्रिजमधे नाही! बारा अंशांच्या खाली गेला की टोमॅटोचा वास तयार व्हायचं काम मंदावतं, आणि बरेच दिवस गार राहिला तर बाहेर काढूनही तो वास पुरता परत येत नाही. थंडीत भाताच्या कापणीनंतर आपल्याकडे लोक कुणग्यात, म्हणजे भाताच्या वाफ्यात, थोडा टोमॅटो लावतात, तो गावठी, चपटा, कडांना चुण्या असलेला, जानेवारीनंतर बाजारात बाया घेऊन बसतात बघा लाल माठाच्या जुड्यांशेजारी, तो मिळाला तर दुसरं काय घेऊच नका. आणि २०२३ च्या जुलैत भाव १०० रुपयांच्या वर गेला होता तसा काही प्रकार असेल तर हा पदार्थ त्या आठवड्यात करूच नका, खर्चाला परवडत नाही आणि टोमॅटो पण भिकार असतो.

चार माणसांना चार मध्यम टोमॅटो, साधारण चारशे ग्रॅम. हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे. सुरी बोथट असेल तर आपला आडाळो, म्हणजे विळी, घ्या, पिकलेला टोमॅटो त्याच्यावर न दबता चिरला जातो. आता बहुतेक ठिकाणी सांगतात की बिया आणि आतला गर काढून फेका. फेकू नका. बियांभोवतीचा तो बुळबुळीत गर आहे ना, टोमॅटोची खरी चव त्यात जास्त असते, ग्लुटामेट नावाचा जो पदार्थ तोंडाला चव आणतो तो बाहेरच्या मांसल भागापेक्षा तिथे जास्त. मग करायचं काय, तर सगळे तुकडे गरासकट चाळणीत घ्या, अर्धा चमचा मीठ लावा, खाली वाटी ठेवा आणि वीस मिनिटं विसरा. मीठ पाणी ओढतं. पाव वाटी तरी रस खाली जमतो, फिका गुलाबी, खारट-आंबट. तो रस ओतून नका देऊ. त्यातले दोन चमचे घ्या, एक चमचा तेल घालून फेटा, आणि वाढताना वरून थेंब-थेंब सोडा. उरलेला रात्रीच्या साराला.

चाळणीतला टोमॅटो आता आटोपशीर झालेला असतो, चव एकवटलेली. त्यात मिरी, हवं तर चिमूटभर साखर, बास. कांदा घालू नका, चाट मसाला तर नकोच, नाहीतर मग सरळ मसाला टोस्ट म्हणा आणि त्याचे पैसे घ्या, त्यात वाईट काय नाही.

(मागून एका काकींनी विचारलं: “अगो, तुळशीची पाना घातली तर चलात काय?”)

काकी, वृंदावनातली नको. देवाची म्हणून तर नाहीच, पण चवीलाही ती लवंगेकडे जाते, टोमॅटोला मारते. मात्र आपला सब्जा, फालुद्यात बी घालतो तो, तो आणि इटलीची ती बेझिल एकाच जातीची झाडं आहेत, फक्त वाण वेगळा म्हणून वासात फरक. सब्जाची बी कुंडीत टाका, कोवळी पानं काढा, हाताने फाडा, सुरीने कापलीत की कडा काळ्या पडतात. वाढायच्या क्षणी घालायची, आधी नाही. नसतील तर कोथिंबीर घालू नका, सरळ बिनपानाचं द्या.

व्हिनेगरबद्दल विचारतात. इटलीत मोदेना गावाचं बाल्सामिक असतं, द्राक्षाच्या रसाचं, त्यातलं पारंपरिक जे म्हणतात ते किमान बारा वर्षं पिंपात मुरवतात, त्याची किंमत ऐकलीत तर हसाल. आपल्याकडे आगळ आहे, कोकमाचा खारवलेला रस. वाटीभर टोमॅटोला पाच-सहा थेंब, जास्त नाही, आणि आगळात मीठ असतंच त्यामुळे आधीचं मीठ कमी धरा. रंग गडद होतो, आंबटपणाला खोली येते. मला तर बाल्सामिकपेक्षा हेच आवडतं, आणि पाहुण्याला सांगायला गोष्ट मिळते ती वेगळीच.

आता वाढणं. इथेच सगळं घालवतात लोक. आठ तुकडे छान सजवून ट्रेमधे लावतात आणि पाहुणा आंघोळीला गेलेला असतो. पाच मिनिटांत खालून ओलं. त्यामुळे दोन गोष्टी वेगळ्या पाठवा: टोपलीत फडक्याशिवाय उघडा ठेवलेला भाजलेला पाव, कारण फडकं टाकलंत की वाफेने मऊ पडतो, आणि वाडग्यात टोमॅटो, चमचा बाजूला. ज्याचं त्याने घालून घ्यायचं. किंवा तुम्ही समोर उभं राहून एकेक तुकडा हातात द्यायचा. तिसरा मार्ग नाही.

(एका दादांनी विचारलं, भाकरीवर केलं तर?)

तांदळाची भाकरी पातळ थापून, कडक भाजून, जमतं, पण तिला तेल जास्त लागतं आणि ती पटकन तुटते, हातात घेऊन समुद्राकडे बघत खायचं तर नाही जमत. नाचणीची बरी. करून बघा, मेनूवर ब्रुस्केटा नका लिहू, नाचणी-टोमॅटो लिहा.

आणि उरलं तर, हा प्रश्न यायच्या आधीच सांगते. टोमॅटो झाकून फ्रिजमधे, आता त्याचं वासाचं काय व्हायचं ते होऊ दे, सकाळी अंड्याच्या बुर्जीत घाला, दुपारपर्यंत नका ठेवू. पण तेलात कच्ची लसूण बुडवून बरणी भरून बाहेर ठेवायची जी नवीन फॅशन आलीय ना, ती आपल्या घरात नको. तेलाखाली हवा नसते, लसूण मातीतली, आणि बोटुलिझमचा, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचा, जंतू अशा जागी विष तयार करू शकतो, वासाने कळतही नाही. लागेल तेवढी पाकळी तेव्हाच सोला.