नारळ वाढवणे आणि दिवा शांत करणे

मंडळाचे पदाधिकारी, ज्येष्ठ मंडळी आणि बालगोपाळांनो, सप्रेम नमस्कार.

गेल्या गणेशोत्सवाची आपली इंग्रजी कार्यक्रमपत्रिका मी जपून ठेवली आहे. तिच्यात गजाननाचे नाव अचूक होते, परंतु मूर्तीचे ‘आयडॉल’ झाले होते आणि नारळ ‘ब्रेक’ होणार होता. देवाचे नाव आपण सातासमुद्रापार सुखरूप आणले. त्या नावाभोवतीची क्रियापदे मात्र मागे राहू लागली आहेत, याची मला मनापासून खंत वाटते.

देवापुढे नारळ वाढवतात आणि सवाष्णीच्या हातातली बांगडी फुटली तरी ती ‘वाढवली’ असेच म्हणतात, कारण शुभकार्यात फुटण्याचा आणि संपण्याचा उच्चारही आपल्या पूर्वजांना नकोसा वाटे. माझी आजी समईवर कधी फुंकर मारत नसे, फुलाच्या देठाने ती वात हलकेच तेलात सारी, आणि मी ‘दिवा विझला’ म्हटले की हातातले काम थांबवून म्हणे, “शांत झाला म्हणावं, बाळा.” देवाला नैवेद्य दाखवतात, तोच प्रसाद होऊन आपल्या ओंजळीत येतो, आणि देवावरून उतरलेल्या फुलांना निर्माल्य म्हणतात, त्यांना कचऱ्याची टोपली दाखवू नये.

आपल्या वर्गातल्या एका मुलीने मला विचारले, की आजोबांना ‘तुम्ही’ म्हणायचे तर विठोबाला ‘तू’ कसे? प्रश्न फार मोलाचा आहे. गणपती ‘आले’, ‘बसले’ असे आपण आदरार्थी बोलतो, पण आरतीला उभे राहिलो की त्याच देवाला ‘तू’ म्हणतो. जनाबाई तर विठोबाला ‘विठ्या’ म्हणून हाक मारते, आणि वारकरी एकमेकांना ‘माऊली’ म्हणून पाया पडतात. आईला आपण ‘अगं आई’ म्हणतो, त्यात अनादर कुठे असतो? इंग्रजीत दोन्हींसाठी ‘यू’ हा एकच शब्द असल्याने ही जवळीक मुलांना मुद्दाम उलगडून सांगावी लागते.

म्हणून यंदाच्या पत्रिकेत प्राणप्रतिष्ठा, नैवेद्य, उत्तरपूजा हे शब्द देवनागरीतच छापावेत आणि शेजारी त्यांचा अर्थ द्यावा, अशी माझी विनंती आहे. उत्तरपूजेत अक्षता वाहताना गुरुजी ‘पुनरागमनाय च’ म्हणतात, म्हणजे पुन्हा येण्यासाठी. तो अर्थ मुलांना आधी सांगावा, आणि मगच त्यांच्या हातांनी मूर्ती जागेवरून किंचित हलवावी.