पान उलटं करून बघितलं का?

नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात आपल्या नाशकात एआयची एक परिषद झाली, रिसर्चवाले आणि इंडस्ट्रीवाले दोन्ही एकाच हॉलमध्ये, आणि मी तिथं दोन दिवस बसून आलो. आता तुम्ही म्हणाल, भाऊ तुमचं काय काम तिथं? तर मी अंबडच्या एका कारखान्यात 22 वर्षं क्वालिटीला आहे. पीस हातात घ्यायचा, बरा असेल तर पुढं सोडायचा, नाहीतर लाल बिनमध्ये टाकायचा. आता हेच काम कॅमेरा करणार म्हणतात, मग जाऊन बघायला नको?

पहिली सकाळ मोठ्या भाषणांची. 2024 ची दोन नोबेलं एआयशी जोडलेल्या कामाला मिळाली, फिजिक्सचं हॉपफिल्ड आणि हिंटन यांना, केमिस्ट्रीचं बेकर, हसाबिस आणि जंपर यांना. त्यातल्या हसाबिस-जंपर यांच्या अल्फाफोल्ड नावाच्या एआयनं 20 कोटींवर प्रथिनांच्या आकाराचा अंदाज बांधून ठेवलाय, आणि पूर्वी एकेका आकारापायी पोरांची अख्खी पीएचडी जायची म्हणे. ऐकायला भारीच वाटतं, पण खरं सांगू, माझं अर्धं लक्ष बाहेर मिसळीच्या वासाकडं होतं.

जेवणानंतर मात्र झोप उडाली. इंजिनिअरिंगची एक पोरगी द्राक्षाच्या पानावरून रोग ओळखायचं मॉडेल, म्हणजे फोटो बघून बघून शिकलेला प्रोग्रॅम, घेऊन उभी राहिली. तिनं सुरुवातच प्रामाणिक केली. प्लांटव्हिलेज नावाचा पानांच्या फोटोंचा एक साठा आहे, त्यावर 2016 साली संशोधकांनी 54,306 फोटो घेऊन मॉडेल शिकवलं आणि त्याच साठ्यातले बाजूला ठेवलेले फोटो दाखवून परीक्षा घेतली तर 99.35 टक्के बरोबर! मग त्याच मॉडेलला इंटरनेटवरचे वेगळे फोटो दाखवले, तर आलं 31 टक्क्यांच्या आसपास. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय बरं का, लपवलं नाही. कारण काय, तर साठ्यातलं पान तोडून, साध्या कागदावर एकटं ठेवून काढलेलं. आपल्या दिंडोरी-पिंपळगावच्या बागेत असं पान असतं का हो? तिथं पानावर पान, मधून तार गेलेली, वर बोर्डो औषधाच्या फवाऱ्याची निळसर पुटं, आणि मोबाईल धरणाऱ्याचा अंगठा.

तेवढ्यात मागच्या रांगेतून टोपीवाले एक काका उठले. म्हणाले, "ताई, यात डाऊनी आहे का?" डाऊनी म्हणजे द्राक्षावरचा केवडा रोग. पोरगी गप्पच. कारण तिचं मॉडेल ज्यावर शिकलं त्या साठ्यात द्राक्षाचे रोग तीनच, आणि डाऊनी त्यात नाही! म्हणजे ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की ज्याच्या नावानं आपल्याकडं झोप उडते, तोच गायब. काका पुढं म्हणाले, "बरं, पान उलटं करून बघितलं का?" कारण डाऊनीचा वर दिसतो नुसता तेलकट पिवळा डाग, पण खरी खूण खाली असते, पांढरी बुरशी. सगळे फोटो वरून काढले तर मॉडेल बिचारं काय करणार? पोरीनं लगेच वही काढली आणि काकांचा नंबर घेतला. मला विचाराल तर अख्ख्या परिषदेत एवढं कामाचं दुसरं काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सिंहस्थाची चर्चा होती, 2027 ला रामकुंडावर कॅमेऱ्यानं गर्दी मोजायची वगैरे. माझ्या मनात एकच आलं, श्रावणात पावसाची सर आली की सगळ्या छत्र्या उघडतात, मग डोकी कशी मोजणार? विचारायचं राहून गेलं, चहा आला.

आणि मग माझा विषय, मालातला दोष पकडणारा कॅमेरा. डेमोत पीस चकचकीत पुसलेले, एकेक क्रॅक बरोब्बर पकडला, टाळ्या. मी आपला गप्प, कारण आमच्याकडं दोन वर्षांपूर्वी असाच कॅमेरा बसवला होता आणि पहिल्याच शिफ्टला त्यानं चांगल्या मालानं लाल बिन भरून टाकली. मशीनवरून आलेल्या पीसवर कापताना थंड ठेवणारं कूलंट असतं, तेल असतं, थेंबाची चमक त्याला क्रॅक वाटायची. मी ओरडून सांगतोय, साहेब तेल आहे ते, पण ऐकतो कोण, शेवटी कॅमेऱ्यावर कापड टाकलं.

मधल्या सुट्टीत त्या डेमोवाल्या पोराला गाठलं. त्यानं विचारलं, "काका, तुम्ही कसं ओळखता?" 22 वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं हो. मी सांगितलं, पीस सरळ बघायचाच नाही, ट्यूबलाईटखाली तिरका धरायचा, आणि शंका आली तर नख फिरवायचं, नख अडकलं तर क्रॅक, सरकलं तर तेल. तो म्हणाला, नख नाही देता येणार, पण लाईट बाजूनं खाली लावून बघतो. मग म्हणाला, "तुमच्याकडचे खराब पीस मिळतील? चांगले लाखानं मिळतात, मॉडेलला खराब बघायलाच मिळत नाहीत."

मी कपाळावर हात मारला. मी पकडलेला सगळा खराब माल दर महिन्याला टेम्पोत भरून भंगारात जातो, किलोच्या भावानं!

सोमवारी कामावर गेल्या गेल्या लाल बिनच्या शेजारी एक क्रेट ठेवला. चिठ्ठी लावली, खराब पीस इथं ठेवा, खडूनं दोषाला गोल करा आणि काय झालंय ते लिहा. पोरं हसली, काका आता म्युझियम काढणार म्हणाली. मंगळवारी बघतो तर क्रेटमध्ये तीन पीस, एकावर खडूनं लिहिलेलं "नख अडकलं", आणि शेजारी कुणीतरी चहाचा रिकामा ग्लास ठेवलेला. ग्लास तेवढा उचलला.